सोवळ्यातली गोळी

गणपती-गौरी तोंडावर आल्या की महाराष्ट्रभरच्या औषधांच्या दुकानांत एका गोळीची चौकशी सुरू होते. बोळिंजही त्याला अपवाद नाही. विरारहून आगाशीकडे जाणाऱ्या या पट्ट्यात जुन्या वाड्या आहेत, उरलीसुरली केळीची बागायत आहे, आणि तिच्या शेजारीच म्हाडाच्या उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. वाडीतली असो की बाराव्या मजल्यावरची, बाई दुकानातली गर्दी ओसरायची वाट पाहते आणि हळू आवाजात विचारते, "पाळी पुढे ढकलायची गोळी आहे का?" गौरीच्या नैवेद्याला हात लावता यावा, सत्यनारायणाला जोडीने बसता यावे, घरच्या लग्नात कोपऱ्यात बसायची वेळ येऊ नये, अशी तिची कारणे असतात. हज किंवा उमराहला निघालेल्या स्त्रियाही हीच गोळी घेतात. पाळी चालू असताना काबागृहाची प्रदक्षिणा करता येत नाही, म्हणून बहुतेक मुस्लिम धर्मशास्त्रींनी तिला मुभा दिली आहे.

गोळीचे नाव नॉरएथिस्टेरॉन. ती प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची नक्कल करते. प्रोजेस्टेरॉनची पातळी घसरली की गर्भाशयाचे अस्तर सुटते आणि पाळी येते. गोळी ती पातळी घसरलीच नाही असे शरीराला भासवते. गोळ्या बंद केल्या की दोन-तीन दिवसांत अस्तर सुटतेच. काही स्त्रियांत तिच्यामुळे रक्तात गुठळी होण्याचा धोका असतो, म्हणून ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. पण सणाच्या धांदलीत तेवढे विचारायला कोण जाते?

हेच औषध एका दुखण्यावरही दिले जाते. त्या दुखण्याचे नाव एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी या आजारात गर्भाशयाबाहेर रुजतात: अंडाशयावर, पोटाच्या आतल्या पडद्यावर, कधी आतड्यावर. दर महिन्याच्या संप्रेरकांच्या चढउतारांना त्या तिथेही प्रतिसाद देतात, सुजतात, रक्तस्राव करतात. त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. मग वेदना, चिकटलेले अवयव आणि अनेकींच्या वाट्याला वंध्यत्व. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातल्या जवळपास १९ कोटी स्त्रियांना हा आजार आहे. तरी निदान व्हायला वर्षानुवर्षे जातात. पूजेसाठी गोळी मागणाऱ्या बाईला ती मिनिटभरात मिळते. पोट धरून बसलेल्या मुलीला आधी "बायकांना दुखायचंच" ऐकावे लागते, मग "लग्न झालं की थांबेल", आणि त्यानंतर "एक मूल झालं की बरं वाटेल". औषध एकच, पण सोवळ्यासाठी ते हाताशी असते आणि दुखण्यासाठी लांब असते.

इथे एक जुना धार्मिक प्रश्न नव्या वेषात समोर येतो. जी गोळी घेऊन बाई देवघरात शिरते, त्या गोळीचे स्वतःचे कूळ काय?

ते कूळ बरेच लांबचे निघते. १९४० च्या दशकात रसेल मार्कर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोच्या जंगली कंदांतून डायोस्जेनिन नावाचा पदार्थ काढला आणि त्यापासून प्रोजेस्टेरॉन बनवले. हे कंद डायोस्कोरिया वर्गातले. आपल्याकडे उपासाला चालणारे कोनफळ त्यांचे नातेवाईक. १५ ऑक्टोबर १९५१ रोजी मेक्सिको सिटीतल्या सिंटेक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत लुईस मिरामोंतेस या तरुण संशोधकाने कार्ल जेरासी यांच्या हाताखाली काम करताना नॉरएथिस्टेरॉन तयार केले. पुढच्याच वर्षी अपजॉन कंपनीच्या ड्युरी पीटरसन आणि हर्बर्ट मरे यांनी सूक्ष्मजीवांकडून एक नवल करून घेतले. कॉर्टिसोन हे याच घराण्यातले, म्हणजे स्टेरॉइड, औषध बनवताना रेणूच्या अकराव्या कार्बनवर ऑक्सिजन बसवणे हे रसायनशास्त्रज्ञांचे मोठे दुखणे होते. बैलाच्या पित्तापासून सुरुवात करून तीसहून अधिक पायऱ्या चढाव्या लागत. शिळ्या पावावर वाढते त्या जातीच्या, रायझोपस नावाच्या बुरशीने हे काम एका पायरीत उरकले, कारण त्यासाठी लागणारे विकर, म्हणजे एन्झाइम, तिच्यापाशी उपजतच होते.

पुढे कंद मागे पडले. आज स्टेरॉइड औषधांच्या कच्च्या मालाचा मोठा भाग सोयाबीनसारख्या वनस्पतींच्या तेलातून निघणाऱ्या स्टेरॉलपासून येतो, आणि ते कापण्या-तासण्याचे काम मायकोबॅक्टेरियम कुळातले जीवाणू करतात. स्टेरॉल हे त्यांचे अन्न. ते रेणूची शेपटी खातात, मग मधली कडी फोडून उरलेलेही फस्त करतात. शास्त्रज्ञांनी त्यांच्यातली कडी फोडणारी विकरे बंद पाडली. त्यामुळे शेपटी खाऊन झाली की जीवाणूचे जेवण थांबते आणि ताटात अँड्रोस्टेनिडायोन उरते. कितीतरी संप्रेरकांची औषधे त्यातूनच घडवली जातात.

मायकोबॅक्टेरियम हे नाव भारतीय स्त्रीरोगतज्ज्ञाला वेगळ्याच कारणाने ओळखीचे असते. याच कुळातला एक भाऊबंद क्षयरोगाचा जंतू आहे. रॉबर्ट कॉख यांनी त्याचा शोध २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केला. तो फुप्फुसांतून रक्तावाटे गर्भनलिकांत आणि गर्भाशयाच्या अस्तरात जाऊन बसतो. खोकला नाही, ताप नाही. बाई मूल होत नाही म्हणून तपासणीला येते आणि अस्तराच्या तुकड्यात क्षय सापडतो. भारतातल्या वंध्यत्वाचे हे एक मोठे आणि बऱ्याचदा उशिरा कळणारे कारण आहे. क्षयाचा जंतू शरीरात कोलेस्टेरॉल खाऊन तग धरतो आणि त्यासाठी वापरतो ती विकरे कारखान्यातल्या भावंडांच्या विकरांचीच सगोत्र असतात. एकाच घराण्यातला एक जण गर्भाशय नासवतो, दुसरा गर्भाशयाच्या औषधाला हातभार लावतो. कुळावरून न्याय करायचा तर यांपैकी कुणाला काय म्हणायचे?

हा प्रश्न विचारायला बोळिंजइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. तासाभराच्या फेरीत इथे पाच धर्मपरंपरा भेटतात. एका अंगाला सोपारा: प्राचीन शूर्पारक, अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे जिथे सापडले ते बंदर. जवळच्या नंदाखालला पोर्तुगीज काळापासूनचे पवित्र आत्म्याचे चर्च. आगाशीत भवानीशंकराचे आणि जैनांचे मुनिसुव्रतस्वामींचे मंदिर. सोपाऱ्यात कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती. आणि वसईच्या खाड्यांलगत मिठागरे. पदार्थाचे मूळ अपवित्र असेल तर रूप बदलल्यावर तो पवित्र होतो का, यावर या पाचही परंपरांनी डोके चालवले आहे. त्यांची उत्तरे एकमेकींपेक्षा वेगळी आहेत आणि दिसतात त्याहून चतुर आहेत.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे लांबलचक प्रकरण आहे. कोणते भांडे राखेने, कोणते आंबटाने, कोणते नुसत्या पाण्याने शुद्ध होते याची त्यात यादीच आहे. त्याच ओघात एक व्यवहारी सूट येते: कारागिराचा हात नेहमीच शुद्ध, आणि बाजारात विक्रीला मांडलेली वस्तूही शुद्ध. कुंभाराने माती कुठून आणली, विणकराने सूत कुठे भिजवले, हे गिऱ्हाईकाने विचारू नये. विचारले तर बाजारच बंद पडेल. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या आपल्या पाच खंडांच्या इतिहासात शुद्धीचे हे नियम तपशिलाने मांडले आहेत. ते वाचताना जाणवते, की शास्त्रकारांना चौकशी कुठे थांबवायची याचे चांगलेच भान होते. सोवळे पाळणारे घर औषधाची बाटली फोडताना आत काय आहे विचारत नाही, ते या सुटीच्याच आधाराने.

इस्लामी न्यायशास्त्रात याच प्रश्नाला इस्तिहाला, म्हणजे पदार्थाचे संपूर्ण रूपांतर, असे नाव आहे. हनफी पंथाचे प्रसिद्ध उदाहरण मिठागराचे: निषिद्ध प्राणी मिठात पडला आणि त्याचे पूर्ण मीठ झाले, तर ते मीठ शुद्ध. शाफई पंथ मात्र इतका सैल नाही. दारूचा आपोआप सिरका झाला तर तो त्याला चालतो. काही घालून मुद्दाम सिरका बनवलेला चालत नाही. सोपारा-वसईचे कोकणी मुसलमान परंपरेने शाफई, आणि उत्तर भारतातून आलेली त्यांच्या शेजारची कुटुंबे बहुधा हनफी. त्यामुळे एकाच औषधाबद्दल एकाच गल्लीत दोन मते निघू शकतात. वारंवार गर्भपात होणाऱ्या काही स्त्रियांना हेपॅरिनची इंजेक्शने द्यावी लागतात, आणि हेपॅरिन प्रामुख्याने डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात. तिथे दोन्ही पंथांना जोडणारा तिसरा नियम पुढे येतो. जीव वाचवायची गरज असेल आणि दुसरा उपाय नसेल, तर निषिद्धही चालते.

ख्रिस्ती परंपरेने हा प्रश्न उलटा करून सोडवला. १२१५ च्या लॅटरन धर्मसभेने आणि १५५१ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने ठरवले, की मिस्सेत भाकरी आणि द्राक्षारसाचे तत्त्व बदलते. रूप, रंग, चव तशीच राहते. वसई १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांच्या ताब्यात आली होती, म्हणजे ट्रेंटचा हा निर्णय इथल्या पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती घरांपर्यंत ताजाताजाच पोचला असणार. कारखान्यात नेमके याच्या उलट घडते: रेणू पार बदलतो, आणि लोकांच्या मनात चिकटून राहते ती त्याच्या मुळाची आठवण. गर्भनिरोधक गोळ्यांबाबत तर कॅथलिक शिकवणीने मूळ आणि रूप दोन्ही बाजूला ठेवून हेतूवर बोट ठेवले. सहावे पोप पॉल यांच्या १९६८ च्या ‘ह्युमाने व्हिते’ या परिपत्रकाने गर्भनिरोधनाला मनाई केली. पण त्याच्याच पंधराव्या परिच्छेदात आजारावरचे उपचार वैध ठरवले, मग त्यामुळे गर्भधारणा टळत असली तरी. एंडोमेट्रिओसिससाठी संप्रेरकांच्या गोळ्या घेणारी नंदाखालची बाई म्हणूनच कोणताही नियम मोडत नाही. या वाटेलाही इतिहास आहे. अमेरिकेत पहिल्या गर्भनिरोधक गोळीला १९५७ मध्ये परवानगी मिळाली ती पाळीच्या तक्रारींवरचे औषध म्हणून. गर्भनिरोधक म्हणून तिला मान्यता मिळायला १९६० उजाडले.

सोपाऱ्याचा बौद्ध वारसा आणखी पुढे जातो. बुद्धाचा शिष्य पूर्ण हा इथलाच व्यापारी. बौद्ध भिक्षूला दीक्षेच्या वेळी ज्या चार आधारांवर जगायला सांगितले जाई, त्यांतला चौथा औषधाचा, आणि ते औषध म्हणजे आंबवलेले मूत्र. मूत्राला औषध मानणाऱ्या या वाटेवर विसाव्या शतकात एक विलक्षण मुक्काम येतो. १९४९ च्या सुमारास पिएरो दोनिनी या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने ऋतुनिवृत्त स्त्रियांच्या मूत्रातून अंडाशयाला चालना देणारी संप्रेरके वेगळी काढली. ब्रुनो लुनेनफेल्ड या डॉक्टरांना त्यातून वंध्यत्वावरचे औषध दिसले. पण हजारो लिटर मूत्र आणायचे कुठून? गर्भवती बाईचे मूत्र मिसळले तर सगळा साठा वाया. बारावे पोप पायस यांचे पुतणे जुलिओ पाचेल्ली सेरोनो कंपनीच्या संचालक मंडळावर होते. त्यांच्या मध्यस्थीने इटलीतल्या मठांमधल्या वयस्क धर्मभगिनींचे मूत्र गोळा होऊ लागले. १९६२ मध्ये इस्रायलमध्ये या औषधाने पहिली मुलगी जन्माला आली. आयुष्यभर ब्रह्मचर्य पाळलेल्या ख्रिस्ती जोगिणींच्या देहातून आलेले द्रव्य एका ज्यू घरातल्या पाळण्यापर्यंत पोचले. हाच धागा बोळिंजच्या आसपासही सापडतो. अंबरनाथला कारखाना असलेली भारत सीरम्स अँड व्हॅक्सिन्स ही कंपनी मूत्रापासून मिळवलेल्या प्रजनन-संप्रेरकांसाठी ओळखली जाते.

राहिले जैन. त्यांचा प्रश्न सर्वांत अवघड, कारण तो मूळ किती पवित्र असे विचारतच नाही. किती जीव गेले असे विचारतो. प्राण्याऐवजी सूक्ष्मजीवांकडून औषध करून घेतले की शाकाहारी मनाचे समाधान होते. पण किण्वनाच्या एका टाकीत अब्जावधी जीवाणू वाढवून शेवटी मारले जातात, आणि जैन तत्त्वज्ञानाने सूक्ष्म जीवांचे अस्तित्व सूक्ष्मदर्शकाच्या कितीतरी आधी गृहीत धरले होते. ठाण्याच्या अ‍ॅडव्हान्स्ड एन्झाइमसारख्या कंपन्या विकरांवरच उभ्या आहेत. अशा कारखान्यांतला माल शाकाहारी की मांसाहारी, कोणत्या ठिपक्याखाली टाकायचा हे आगाशीच्या देरासरात विचारले, तर सरळ उत्तर मिळणार नाही.

थोडक्यात, पदार्थाला सुटकेची वाट जवळपास प्रत्येक परंपरेने दिली आहे. कुणी कारागिराच्या हातातून, कुणी मिठागरातून, कुणी हेतूमधून, कुणी गरजेतून. अडचण पुढे आहे. जो न्याय दारूला, मिठाला, मूत्राला आणि डुकराच्या आतड्याला मिळाला, तो पाळीच्या रक्ताला फारसा मिळाला नाही.

तैत्तिरीय संहितेत कथा आहे. इंद्राने विश्वरूपाला मारले, ब्रह्महत्येचे पातक वाटून टाकले, आणि त्यातला एक तृतीयांश वाटा स्त्रियांनी घेतला. तोच त्यांचा विटाळ. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येणाऱ्या ऋषिपंचमीच्या कहाणीत पाळीत भांड्यांना शिवलेली बाई कुत्री होते आणि तिचा नवरा बैल. म्हणून त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे काही खायचे नाही. त्या दिवशीची ऋषीची भाजी चवीला अप्रतिम असते, आणि ज्या पापाचे ते प्रायश्चित्त आहे ते पाप म्हणजे देहाचा नेहमीचा व्यवहार. गंमत अशी, की मनुस्मृतीचा चौथा अध्याय रजस्वलेपासून दूर राहायला सांगतो आणि पाचवा अध्याय म्हणतो, की रजाने स्त्री शुद्ध होते. एकाच ग्रंथाने त्या रक्ताला मळही ठरवले आणि मळ धुणारे पाणीही. समाजाने यातले पहिले तेवढे उचलले.

सगळ्यांनी उचलले असे मात्र नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी शिष्यांना सांगितल्याचे महानुभाव परंपरेत नोंदले आहे: देहाच्या इतर द्वारांतून जसे मळ बाहेर येतात तसेच हे, त्याचा विटाळ कसला? चौदाव्या शतकात मंगळवेढ्याच्या सोयराबाईंनी याच विषयावर अभंग रचला. ज्या विटाळापासून प्रत्येक देह घडतो तो वगळून सोवळा देह आणायचा कुठून, हा त्यांचा सवाल. चोखोबांच्या घरातली बाई हे बोलत होती, म्हणजे जन्माचा विटाळ आणि महिन्याचा विटाळ या दोन्हींचा अनुभव एका आयुष्यात घेतलेली व्यक्ती.

बायबलमध्येही अशी एक बाई आहे. नंदाखालचे सुपुत्र फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’मध्ये जो नवा करार मराठीत आणला, त्यातल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात ती भेटते. बारा वर्षे तिचा रक्तस्राव थांबलेला नाही. वैद्यांवर सारे पैसे खर्च झाले, दुखणे वाढतच गेले. लेवीय ग्रंथाच्या नियमाप्रमाणे ती ज्याला शिवेल तो अशुद्ध. ती गर्दीत शिरून येशूच्या वस्त्राला शिवते आणि बरी होते; येशू तिला मुलगी म्हणून हाक मारतो. इ. स. ६०१ च्या सुमारास पहिले पोप ग्रेगरी यांना इंग्लंडमधून विचारणा झाली, की पाळी चालू असलेल्या बाईने चर्चमध्ये यावे का. त्यांनी याच बाईचा दाखला देऊन सांगितले, की तिला अडवू नये. आजच्या डॉक्टरने ही गोष्ट वाचली तर तो आणखी एक गोष्ट टिपेल: बारा वर्षे निदान न झालेला, पैसे खाणारा, लाजेने लपवलेला स्त्रीरोग.

लाज हाच एंडोमेट्रिओसिसच्या संशोधनातला मोठा अडसर ठरला आहे. जॉन सॅम्पसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९२७ मध्ये मांडले, की पाळीचे काही रक्त गर्भनलिकांतून उलटे पोटात जाते आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. पुढे दिसून आले, की असा उलटा प्रवाह बहुतेक स्त्रियांत होतो, आजार मात्र दहातल्या एकीला. मग या एकीत वेगळे काय असते? शिकागोच्या सर्दार बुलुन यांच्या गटाने एक दुवा शोधला. निरोगी अस्तरात अरोमाटेज हे विकर जवळपास नसते. भलतीकडे रुजलेल्या पेशींत ते असते. त्याच्या साहाय्याने त्या पेशी अँड्रोस्टेनिडायोनचे इस्ट्रोजेन बनवतात आणि त्याच इस्ट्रोजेनवर वाढतात. सूज वाढवणारे प्रोस्टाग्लँडिन तयार होते आणि ते अरोमाटेजला आणखी चेतवते. कारखान्यातला जीवाणू ज्या अँड्रोस्टेनिडायोनपाशी थांबतो, तिथूनच रोगी पेशी पुढचे काम सुरू करते. औषधही विकरांचे काम आणि आजारही विकरांचे काम. फरक कोण, कुठे आणि कशासाठी करतो एवढाच.

न्यूयॉर्कजवळच्या फाइनस्टाइन संस्थेत क्रिस्टीन मेट्झ आणि पीटर ग्रेगर्सन यांच्या ‘रोझ’ अभ्यासात तर स्त्रिया पाळीचा स्रावच घरून पाठवतात. आजार असलेल्या स्त्रियांच्या स्रावातल्या पेशी गर्भधारणेसाठी अस्तराला जे रूप घ्यावे लागते ते नीट घेऊ शकत नाहीत, असे त्यातून दिसले. एरवी या आजाराचे पक्के निदान करायला पोटात दुर्बीण घालावी लागे. ज्याला शिवायचे नाही म्हणून शतकानुशतके बजावले गेले, त्याच स्रावातून निदानाची सोपी वाट निघण्याची शक्यता आहे. आपल्याकडे परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. राहुल गजभिये यांच्या पुढाकाराने एंडोमेट्रिओसिसचा देशव्यापी क्लिनिकल आणि जनुकीय अभ्यास उभा राहिला आहे. विरारहून लोकलने प्रभादेवीला उतरले की ही संस्था फार लांब नाही. याच संस्थेच्या सहकार्याने डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मलेल्या टेस्टट्यूब बाळाचे काम केले होते. अशा अभ्यासाला आधी लागते ती स्वतःच्या पाळीबद्दल मोकळेपणाने सांगणारी बाई.

मग मुळाची विचारपूस सोडूनच द्यावी का? इथे घाई करून चालत नाही. एप्रिल १८८२ मध्ये, कॉख यांच्या घोषणेनंतर काही आठवड्यांतच, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा बुरूड राजाचा कोट उकरला. आत दगडी करंडक निघाला. त्यात सोन्याची फुले होती, बुद्धांच्या छोट्या कांस्यमूर्ती होत्या, आणि सगळ्यांच्या मधोमध मातीच्या भांड्याच्या काही खापऱ्या: बुद्धाच्या भिक्षापात्राचे अवशेष म्हणून जपलेल्या. रसायनशास्त्राच्या नजरेने ती भाजलेली माती. तिचे सारे मोल तिच्या मुळात आहे. मूळ विसरा म्हणणाऱ्याला ही खापरीही विसरावी लागेल.

औषधालाही हे लागू पडते. २००८ मध्ये चीनमधून आलेल्या हेपॅरिनच्या कच्च्या मालात कुणीतरी स्वस्तातला दुसराच पदार्थ मिसळला होता. रेणू इतका सारखा, की नेहमीच्या चाचण्यांना चकवा मिळाला. अमेरिकेत कित्येक रुग्ण दगावले. माल कोणत्या कसायाकडून, कोणत्या हातांतून आला याचा माग नसणे किती महाग पडते हे तेव्हा कळले. मेक्सिकोच्या ज्या शेतकऱ्यांनी ते जंगली कंद खणून काढले त्यांची नावे कोणत्याही गोळीच्या पाकिटावर नाहीत. मूळ विचारायचे ते बाईला बाहेर बसवायला की कुणाचे देणे लागतो आणि कुणावर जबाबदारी आहे हे कळायला, एवढाच प्रश्न उरतो. सोवळ्याने पहिल्यासाठी विचारले. बाजार दुसऱ्यासाठी विचारायचे टाळतो.

आणि विटाळ सुटला की बाई सुटली, असेही नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जात असल्याचे २०१९ मध्ये समोर आले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. कोयत्याच्या फडात पाळीला कुणी विटाळ म्हणत नाही. तिथे पाळी म्हणजे बुडालेली मजुरी आणि मुकादमाचा दंड. देवघरात जिची अडचण होती, तिची अडचण इथेही झाली. कारण तेवढे बदलले.

विकरांचे शास्त्र दरम्यान पुढे सरकते आहे. रॉबर्ट लिनहार्ट आणि जियान लिऊ यांच्या गटांनी २०११ मध्ये दाखवले, की अगदी लहान लांबीचे हेपॅरिन विकरांच्या मदतीने दहा-बारा पायऱ्यांत प्रयोगशाळेत बनवता येते. डुक्कर लागत नाही. ते रोजच्या वापरात आले तर मौलानांचा प्रश्न बराचसा सुटेल, आणि आगाशीतला प्रश्न तसाच राहील, कारण लागणारी विकरे अखेर जीवाणूंकडूनच घ्यायची. त्याहून कसोटीचा प्रसंग वेगळीकडून येऊ घातला आहे. २००७ पासून पाळीच्या स्रावातून मूळपेशी वेगळ्या करता येतात. २०१६ मध्ये चीनमधल्या एका छोट्या अभ्यासात सात स्त्रियांच्या गर्भाशयात त्यांच्याच पाळीच्या रक्तातून वाढवलेल्या पेशी सोडल्या गेल्या. त्या सगळ्यांचे अस्तर जखमांनी जवळपास नाहीसे झाले होते; असे घडण्याचे भारतातले एक ठळक कारण म्हणजे क्षय. त्यांतल्या काहींचे अस्तर पुन्हा जाड झाले. उद्या ही पेशींची कुपी बोळिंजच्या एखाद्या दवाखान्यात आली, तर मनूच्या नियमाने ती शुद्ध, कारण ती कारागिराच्या हातची. कॅथलिक शिकवण हेतू पाहील. शाफई आणि हनफी विद्वान रक्त, रूपांतर आणि गरज यांवर वाद घालतील. आणि खरा अडसर कदाचित पाळीच्या रक्तापाशी येणारच नाही. अशा पेशी वाढवताना सर्रास वापरतात तो द्रव गाईच्या पोटातल्या न जन्मलेल्या वासराच्या रक्तापासून काढलेला असतो. मंदिर, देरासर आणि प्रयोगशाळा, तिघांनाही तो नको आहे. आणि त्याच्याशिवाय पेशी वाढवायच्या पद्धती बऱ्याच ठिकाणी तपासल्या जात आहेत.